अॅडजस्टचे सख्खे-चुलत

नागपूरच्या विमानतळावर सोडायला आलेल्यांना दाराबाहेरच थांबवतात. माझा नवरा मंदार बॅगांची ट्रॉली ढकलत पुढे झाला होता, दोघांचे पासपोर्ट माझ्या हातात होते, आणि मी दाराशी पोचले तेवढ्यात आईनं मागून माझा दंड धरला. ती रडणार असं वाटलं होतं, पण रडली नाही. म्हणाली, "जरा अॅडजस्ट करून राहजो वं वैशाली तिकडं."

शेजारी बाबा उभे होते. त्यांनी सवयीनं विचारलं, "कोणत्या अर्थानं?"

"सगळ्याच अर्थानं," आई म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो, दारावरचा जवानही हसला, आणि त्या हसण्यातच मी आत गेले. घर सोडल्याची माझी आठवण ही एवढीच आहे. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे मागे राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे बॅगा भरून निघालात त्यांच्यासाठीही. मागे राहिलेल्यांना हे वाचून माझा राग येईल. आला तर येऊ द्या, मलाही तुमचा आलेला आहे.

बाबांच्या त्या प्रश्नामागे आमच्या घरचा एक जुना खेळ होता. बाबा शाळेत इंग्रजीचे मास्तर. नागपुरात नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घरी संध्याकाळचं जेवण म्हणजे शाळेचा जादा तास असायचा. वरणभात कालवता कालवता बाबा एक इंग्रजी क्रियापद टाकायचे, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन त्याचे समानार्थी शब्द सांगायचो. नुसते सांगून भागायचं नाही. शब्दांची नाती लावावी लागायची. वाक्यातून मूळ शब्द काढायचा आणि त्या जागी नवा बसवून पाहायचा. वाक्य जसंच्या तसं चाललं तर तो सख्खा. लंगडलं तर चुलत. आणि वाक्य चालतंय असं वाटतं पण पोचतं भलत्याच गावाला, तर तो सोयरा. सोयऱ्याला पाट द्यावा, पोटभर जेवू घालावं, पण घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊ नयेत, असं बाबा सांगायचे.

अॅडजस्ट हे क्रियापद आमच्या ताटात नेहमी यायचं, कारण आईच्या बोलण्यात इंग्रजी असं ते एकच. बाबांनी त्याचे अर्थ सुटे करून दाखवले होते. घड्याळाचा काटा जुळवतात, शिलाई मशीनचा दोरा सैल-घट्ट करतात, तिथं त्याचे सख्खे सेट आणि रेग्युलेट. शिंपी ढगळ सदरा अंगाबरोबर करून देतो, तिथं फिट आणि अल्टर. नव्या गावात माणूस हळूहळू रुळतो, तिथं अॅडॅप्ट. एसटीच्या भरलेल्या बाकावर आणखी एक जण येतो आणि बसलेले सरकून जागा देतात, तिथं अकॉमोडेट. मग कॉम्प्रोमाइज कुठे बसतो, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "तो सोयरा आहे. आपल्या लोकायनं त्याले घरातच ठेवून घेतलं."

आईला या कुठल्याच नात्यागोत्याशी देणंघेणं नव्हतं. नितीनची दहावी आली तेव्हा मागची खोली त्याला गेली आणि मी पुढच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला अभ्यासाला बसले, तेव्हा आई म्हणाली अॅडजस्ट कर. मामाच्या मुलीचं लग्न माझ्या परीक्षेला लागून आलं, तेव्हा अॅडजस्ट कर. पाहुणे आले की माझी गादी, माझं पांघरूण, कधीकधी माझी ओढणीसुद्धा. नितीननं कधी काय अॅडजस्ट केलं ते मला आठवत नाही. मी त्याला विचारलं होतं, त्यालाही आठवत नाही.

पण त्या घरात एक काम असं होतं की जे माझं होतं आणि कोणी त्यात हात घालत नसे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडचे लोक गौरी म्हणतात, आम्ही महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी येतात. आमचे मुखवटे पितळेचे. लोखंडी सांगाड्याला साडी नेसवायची, कापडाचे हात जोडायचे, पदर काढायचा, आणि शेवटी मुखवटा चढवायचा. साडी कोणालाही जमते, मुखवटा जमत नाही. तो जरा खाली झुकला की देवी रुसल्यासारखी दिसते आणि जरा वर गेला की तोऱ्यात. कॉलेजात गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर चढायची आणि बाबा उंबऱ्यात उभे राहून सांगायचे, डावीकडे, अजून एक केस, हां, बस. उंबऱ्यातून आत येणाऱ्यावर दोघींची नजर पडली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. पाया पडायला आलेल्या कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, यंदा तर बोलूनच राहिल्या वाटते. ते तीन दिवस मला कोणी सरकून बस म्हणत नसे.

आमच्यात महालक्ष्म्या मुलाकडे जातात. मुलगी लग्न झालं की सासरच्या देवांची होते. मंदारच्या घरी नदीवरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात आणि त्या त्याच्या मोठ्या भावाकडे बसतात. हे सगळं मला माहीत होतं. तरीही इंग्लंडमधल्या लीड्सला जायचं ठरलं त्या वर्षी, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मुखवटे चिंचेनं घासून आणि बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून मी पेटीत ठेवत होते, तेव्हा बाबांपाशी विषय काढलाच. आईचे गुडघे कुरकुरायला लागले होते. नितीनचं लग्न ठरलं होतं, आणि तो आणि त्याची होणारी बायको दोघंही मिहानमधल्या कंपनीत पाळीवर कामाला. मी म्हटलं, बाबा, तुमच्याच्यानं कधी झालं नाही तर मले द्या, मी तिकडं बसवीन.

बाबांनी पेटीची कडी लावली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुले विचारल्याशिवाय ही पेटी जागची हलणार नाही."

बाबा म्हणजे शब्द तोलून वापरणारा माणूस. मुलीला महालक्ष्म्या देत नाहीत हे मला माहीत होतं तसं त्यांनाही माहीत होतं, म्हणून तो शब्द मला फार मोठा वाटला. त्यांनी मला द्यायचं कबूल केलं नव्हतं. विचारायचं कबूल केलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

लीड्समध्ये मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. डोळे तपासण्याचा डिप्लोमा करून मी नागपुरातल्या सदर भागातल्या एका दुकानात काही वर्षं काढली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणाल्या. मी सदरच्या सवयीनं, गोड हसून सांगितलं, दोन दिवस घाला, सवय होईल. सदरमध्ये आम्ही सगळ्यांना हेच सांगायचो. गिऱ्हाईक मान डोलावून जायचं, कानामागे घट्टा पडायचा आणि तक्रार मिटायची. या बाई मात्र माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग आमची मॅनेजर पुढे आली. तिनं काडी गरम मण्यांच्या भांड्यात धरून मऊ केली, वाकवली, बाईंना घालून पाहिली, पुन्हा वाकवली, आणि दर खेपेला विचारलं, आता कुठे लागतंय? बाई गेल्यावर मला आत बोलावून तिनं शांतपणे सांगितलं की इथे चष्मा अॅडजस्ट करतात, गिऱ्हाइकाचे कान नाही. घरी येऊन मी हे फोनवर बाबांना सांगितलं. बाबा खूप हसले, म्हणाले, हा अर्थ तर आपण शिकवलाच होता, तूच विसरली. आई मागून विचारत होती, काय झालं, काय झालं. तिला काही कोणी सांगितलं नाही.

पहिलं वर्ष व्हिसा आणि नोकरी यांत गेलं, मग ओवी झाली. चार भाद्रपद मी नागपूरला गेले नाही. पण महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी सुटी घेऊन मी पुरणपोळी करायची, चांगली साडी नेसायची आणि फोन हातात घेऊन बसायची. फोटो यायचे. दोन मुखवटे, कपाळभर मळवट, नथ, वेणी. फोटो नेहमी जवळून काढलेले. मागची भिंत दिसायची नाही, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा दिसायचा नाही. व्हिडिओ लावा म्हटलं की नितीन सांगायचा, ताई, लय गर्दी आहे, नेटवर्क नाही. संध्याकाळी आई फोनवर म्हणायची, बसल्या वं, छान बसल्या. आई खोटं बोलली नाही, हे मी मान्य करते. कुठं बसल्या ते तिनं सांगितलं नाही, आणि आपल्या घरच्या महालक्ष्म्या कुठं बसल्या असं जगात कोण विचारतं?

एका वर्षी फोटोत कनिष्ठा डावीकडे कललेली दिसली. दिवसभर लोकांच्या नाकावरचे चष्मे सरळ करणाऱ्या बाईला ते खुपणारच. मी बाबांना कळवलं, एक केस उजवीकडे घ्या. बाबांनी हो म्हणून कळवलं. संध्याकाळच्या फोटोत ती तशीच. मला वाटलं बाबांचं वय झालं, आता स्टुलावर चढवत नसेल, आणि त्या विचारानं मला रडूच आलं. कुठंतरी पाणी मुरतंय अशी शंकासुद्धा शिवली नाही.

गेल्या वर्षी मी आधी तिकिटं काढली आणि मग घरी कळवलं. एरवी माझ्या येण्याच्या बातमीनं घरात दिवाळी होते. या वेळी मात्र नितीनचा वेगळा फोन आला, भाद्रपदात उकडते, ओवीले त्रास होईल, दिवाळीत ये ना. आई म्हणाली, सणाच्या धांदलीत तुझ्याशी दोन शब्द बोलणं होणार नाही. मी म्हटलं, मी बोलायला येतच नाही आहे, बसवायला येते आहे. मंदारला सुटी नव्हती, मी आणि ओवी आलो.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, मी मागच्या खोलीत स्टुलावर चढले. माळ्यावर पेटीच्या जागी इन्व्हर्टरचा रिकामा खोका होता. मी स्टुलावरूनच आईला विचारलं, पेटी कुठं आहे. स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. आई तिथूनच म्हणाली, "सावनेरले आहे."

सावनेरला बाबांचे चुलतभाऊ राहतात, नाना काका. बी-बियाण्यांचं दुकान, मोठं घर, आणि त्यांच्या स्वतःच्या महालक्ष्म्या. मी गेले त्यानंतर आलेल्या पहिल्याच भाद्रपदात आमची पेटी त्यांच्याकडे गेली होती. आईला गुडघ्यांमुळे होत नव्हतं. नितीनच्या बायकोनं, प्राजक्तानं, घरात आल्या आल्या स्पष्ट सांगितलं की पाळीची नोकरी सांभाळून तिला हे जमणार नाही. ती खरं बोलली, तिच्यावर माझा राग नाही. त्या घरात खरं बोललेली ती एकटीच.

बाबा पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

बाबा पेपराच्या आडूनच म्हणाले, "आपण थोडं अॅडजस्ट केलं बेटा. त्यायच्याकडे जागा आहे, माणसं आहे."

जन्मभर आईच्या तोंडी असलेला तो शब्द बाबांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर वापरला. मी त्यांचाच खेळ खेळले. त्यांच्या वाक्यातून तो शब्द काढला आणि एकेक बसवून पाहिला. सेट बसेना. अल्टर बसेना. अकॉमोडेट तर मुळीच नाही, कारण मला सरकून बस असं कोणी म्हटलंच नव्हतं. मला बाकावरून उठवलं होतं आणि वर चार वर्षं मलाच फोटो पाठवून दाखवत होते की तू बसलेलीच आहेस. मी बाबांना विचारलं, इथं सख्खा शब्द कोणता ते तुम्हीच सांगा. बाबांनी पेपराची घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली. केसानं गळा कापणं असं मराठीत म्हणतात. त्याला इंग्रजीत एक सरळ क्रियापद आहे, तेही मला येतं, पण ते आमच्या ताटात कधी आलं नव्हतं आणि त्या दिवशीही मी ते आणलं नाही.

राग कशाचा आला ते नीट सांगते. आईचे गुडघे मला कळतात. पेटी गेली हेही मी गिळलं असतं. पण शेजारच्या काकूंना माहीत होतं. मावशीला माहीत होतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला माहीत होतं, कारण त्या तीन दिवसांत आता तिला सुटी मिळायची. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त माझ्यापासून लपवायची, तर त्यासाठी दरवर्षी किती जणांनी आपसांत ठरवलं असेल, फोटो कोण काढेल, फोनवर कोण बोलेल, भिंत कशी दिसू द्यायची नाही. माझ्याच माणसांनी माझ्या डोळ्यांत धूळ फेकायचं काम वाटून घेतलं होतं. मी मंदारला फोन लावला आणि ओवीचं काही सांगायच्या आधी त्याला विचारलं, तुला माहीत होतं का? त्याला माहीत नव्हतं. पण नवऱ्याला असा प्रश्न विचारायची पाळी आपल्यावर आली, हे मी विसरणार नाही.

पूजेला सावनेरला जायचं ठरलेलंच होतं. मी जाणार नव्हते, पण ओवी लीड्सपासून महालक्ष्म्या महालक्ष्म्या करत आली होती, तिला काय सांगणार? नितीनच्या गाडीतून आम्ही सगळे गेलो. बाबा पुढे बसले, मी मागे, आणि सावनेर येईपर्यंत फक्त ओवी बोलत होती.

नाना काकांच्या मोठ्या खोलीत चौघी ओळीनं होत्या. त्यांच्या दोघी मधोमध, झगमगाटात. आमच्या दोघी एका टोकाला, पंख्याच्या बटणांखाली, अजून नुसते सांगाडे. मुखवटे परातीत उताणे ठेवलेले. नाना काकांची सून शुभांगी वहिनी आतून साड्या घेऊन आली. चुलीच्या धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. माझं घेऊन बसलेली बाई म्हणून मी तिच्यासाठी दोन कडक वाक्यं घरूनच तयार करून आणली होती. तिनं साड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ताई, तुमच्या तुम्हीच नेसवा. मले तुमच्यावानी नाही जमत. दरवर्षी एक वाकडीच बसते."

मी निऱ्या घालत होते आणि ती खाली बसून टाचण्या देत होती. मी विचारलं, किती वाजता उठलात? ती म्हणाली, झोपलीच कुठं. चार साड्या, चार ताटं, सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर फुलोरा, आणि सासूबाई वारल्यापासून करणारी एकटी तीच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. मग बोलता बोलता ती थांबली, दाराकडे पाहिलं आणि, सासऱ्यांना ती मामाजी म्हणते, हळूच म्हणाली, "मले बी कोनं विचारलं नाही, ताई. एका दिवशी मामाजी पेटी घेऊन आले आन् म्हणे, आता आपल्याकडे चौघी."

माझी दोन कडक वाक्यं तशीच राहिली. मला हव्या होत्या आणि मला दिल्या नाहीत. तिला नको होत्या आणि तिच्या डोक्यावर ठेवल्या. आणि हे ठरवणारे दोन्ही पुरुष बाहेर ओट्यावर पानं लावत बसले होते.

मुखवटे चढवायला मी स्टुलावर उभी राहिले तेव्हा बाबा आत आले. सवयीनं उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, डावीकडे. मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या अंदाजानं बसवला आणि खाली उतरले. बाबा थोडा वेळ तिथेच उभे होते, मग गेले.

जेवणं झाल्यावर अंगणातल्या नळावर बाबा हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभी होते. त्यांनी हात धुऊन झाले तरी नळ बंद केला नाही. माझ्याकडे न पाहता बोलले, "तुले विचारलं असतं तर तू म्हटलं असतं, मले द्या. मंग माह्याच्यानं नाही म्हणणं झालं नसतं. नाना, बाकी भाऊबंद, सारे म्हणले असते की पोरीच्या घरी देव पाठवले. म्हणून नाही विचारलं."

म्हणजे ते विसरले नव्हते. शब्द दिल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांनी तो एका बाजूला ठेवला, भाऊबंद दुसऱ्या बाजूला ठेवले, आणि मला नाही म्हणावं लागू नये म्हणून मला विचारायचंच नाही असं ठरवलं. चुलत शब्द सख्ख्याच्या जागी बसवायचा नाही, हे मला ज्यांनी शिकवलं ते हेच. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि आत गेले. आयुष्यात इतकं कोणी मला दुखावलं नाही, आणि ते बाबांनी इतक्या मऊ आवाजात केलं.

परत आल्याला वर्ष झालं. तोंड फिरवलेलं नाही. दर रविवारी फोन होतो, ओवी आजोबांना शाळेतल्या गमती सांगते, मी आईला गुडघ्यांचं विचारते, बाबा मला इथल्या हवेचं विचारतात. क्रियापद कोणी काढत नाही. पूर्वी इथं कोणी विचारलं की तुझं घर कुठे, तर मी पटकन नागपूर म्हणायची आणि मग नागपूर कुठे ते समजावण्यात पाच मिनिटं जायची. आता मी भाड्याच्या या फ्लॅटचा पोस्टकोड सांगते. तो सांगायला सोपा आहे.

यंदा भाद्रपद लागायच्या आधी शुभांगी वहिनीचा फोन आला. तिनं मला सरळ असा फोन पहिल्यांदाच केला. म्हणाली, "ताई, एक विचारू काय? यंदा माह्याच्यानं चौघी नाही होत. मी मामाजीले सांगून दिलं. ते म्हणे तुमच्या बाबाले विचारतो. मी म्हटलं, त्यायले काहून, ताईलेच विचारते. तुम्ही नेता काय तुमच्या? नाही तं इथं देवीच्या देवळात देऊन देऊ. तुम्ही मांडा म्हणान तं मांडीन कशीबी."

मी तिच्याकडे एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी दुकानात माझं लक्ष नव्हतं. पाच वर्षांपूर्वी मी त्या दोघींना मांडीवर घेऊन विमानात बसले असते. आता डोळ्यांसमोर आणून पाहिलं, तर या बैठकीच्या खोलीत, रेडिएटरशेजारी, त्या दिसेनात. मला त्या नंदनवनातल्या उंबऱ्यासमोर हव्या होत्या, आणि तिथं त्या आता बसणार नव्हत्या. एक बाई माझ्यापायी दरवर्षी रात्रभर जागी राहणार हेही मला नको होतं. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला सांगितलं, देवळात द्या. आणि कोणी विचारलं तर वैशालीनं सांगितलं म्हणून सांगा, नानांनी नाही आणि बाबांनी नाही. ती फोनवर रडली. मीही रडले, पण मला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं.

बाबांचा फोन त्याच आठवड्यात आला, रविवार नसताना. देवळात द्यायला तूच सांगितलं काय, असं विचारलं. मी हो म्हटलं. बाबा म्हणाले, "मले एकदा विचारायचं तरी होतं वं."

आवाज रागाचा नव्हता. दुखावलेला होता, अगदी माझ्यासारखा. नळावर त्यांनी मला दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, शब्दाला शब्द. ते दिलं असतं तर जिवाला थंडावा मिळाला असता. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं. मी म्हटलं, "हो बाबा. विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

थोड्या वेळानं फोनवर आई होती. म्हणाली, हे फोन माह्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले, तू काय म्हटलं वं त्यायले? मी सांगितलं, काही नाही, माझं चुकलं एवढंच म्हटलं.

इथं मला न विचारता पुष्कळ गोष्टी होतात. दुकानातल्या वेळा बदलतात, ओवीच्या शाळेतली शिक्षिका बदलते, समोरचं झाड एका सकाळी तोडून नेलेलं असतं. मला काही वाटत नाही. नागपुरातल्या एका पेटीचं वाटलं, आणि तिकडे बाबांनाही वाटलं. तेव्हा घर अजून तिथेच असावं. मला त्यांच्याकडून जे एक वाक्य हवं होतं, ते मी त्यांना म्हणून दाखवलं आहे. त्यांनी ते मला अजून म्हटलेलं नाही. दर रविवारी फोन वाजला की मी आधी बाबांनाच मागते.